मुलाचे नाव आणि लोकांचे हसू

घरात मूल जन्माला आले की त्याच्या कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी केस काढले जातात, अकीका होतो आणि नाव ठेवले जाते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आठवडाभरात पार पडतात. नाव मात्र त्या मुलाबरोबर शेवटपर्यंत चालते. शाळेच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर, निकाहनाम्यावर आणि एके दिवशी जनाजाच्या घोषणेत तेच नाव उच्चारले जाते. ज्याला ते आयुष्यभर वागवायचे आहे, त्याला मात्र निवडीच्या वेळी विचारता येत नाही. म्हणूनच नाव ठेवणे हा आईवडिलांचा अधिकार असला तरी त्याहून अधिक ती एक अमानत आहे.

पूर्वी घरातील वडीलधारी मंडळी आजोबा-पणजोबांचे नाव सुचवीत, किंवा मशिदीतील मौलवीसाहेबांना विचारून नाव ठरविले जाई. आता बहुतेक नावे मोबाइलवर शोधली जातात. त्याचबरोबर तरुण आईवडिलांच्या तोंडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: या नावावरून शाळेत मुले चिडवणार तर नाहीत ना? काही बुजुर्गांना ही चिंता क्षुल्लक वाटते. त्यांच्या मते नावाचा अर्थ चांगला असला की पुरे, लोकांच्या हसण्याची पर्वा कशासाठी करायची? दुसरीकडे काही आईवडील या चिंतेने इतके ग्रासलेले असतात की ज्या नावावरून मूल मुसलमानाचे आहे हे चटकन ओळखू येईल, ते नावच ते टाळतात. या दोन टोकांच्या मध्ये इस्लामची शिकवण कोठे उभी आहे, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

प्रेषितांनी बदललेली नावे

नावाच्या बाबतीत सर्वप्रथम स्मरणात येते ती सहीह मुस्लिममधील हदीस. तिच्यात अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे म्हणून अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान या दोन नावांचा निर्देश आहे. बंदा आणि त्याचा निर्माता यांचे नाते या नावांत सामावलेले आहे. परंतु याचा अर्थ असा नव्हे की बाकीची सर्व नावे कमी दर्जाची ठरतात. उमर, अली, हमजा, खालिद ही नावे अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून प्रचलित होती. इस्लाम स्वीकारल्यानंतर ती बदलण्याची आवश्यकता आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांना वाटली नाही.

ज्या नावांत दोष होता, ती मात्र त्यांनी बदलली. हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे नाव आसिया होते. अरबीत त्याचा अर्थ अवज्ञा करणारी असा होतो. प्रेषितांनी (स.) तिचे नाव जमीला ठेवले. असरम म्हणजे तुटलेला, कापलेला. असे नाव असलेल्या गृहस्थांना त्यांनी जुरआ हे नाव दिले, ज्यात बी आणि पेरणी यांचा अर्थ आहे. बर्रा म्हणजे अतिशय नेक. या नावाच्या स्त्रीचे नाव त्यांनी जैनब ठेवले, कारण त्या नावात स्वतःचे पावित्र्य स्वतःच मिरविण्याचा भास होता. दुसऱ्या एका बर्रा नावाच्या स्त्रीचे नाव त्यांनी जुवैरिया ठेवले. त्याचे जे कारण सहीह मुस्लिममध्ये आले आहे, ते मुळातून लक्षात घेण्यासारखे आहे. ते बर्राकडून निघून आले, असे कोणी म्हणावे हे प्रेषितांना (स.) आवडत नव्हते, कारण त्या वाक्यातून नेकीलाच सोडून आल्याचा अर्थ निघाला असता.

येथे नावाचा अर्थ वाईट नव्हता, उलट तो फारच चांगला होता. तरीही ते नाव रोजच्या बोलण्यातील एखाद्या साध्या वाक्यात येऊन बसले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते, याचा विचार केला गेला. अशीच आणखी एक हदीस आहे. यसार म्हणजे सुबत्ता, रबाह म्हणजे नफा, नजीह म्हणजे यशस्वी आणि अफलह म्हणजे सफलता मिळविणारा. ही नावे सेवकांना ठेवू नयेत, असे त्यांनी सुचविले. कारण कोणी घरात डोकावून विचारेल, सुबत्ता आहे का, आणि तो माणूस बाहेर गेलेला असेल तर उत्तर येईल, नाही. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार अशा नावांना सक्त मनाई करण्याचा विचार प्रेषितांच्या (स.) मनात आला होता, पण पुढे ते त्याविषयी मौन राहिले. त्यामुळे विद्वानांनी ही नावे निषिद्ध मानलेली नाहीत. मात्र विचाराची जी दिशा या हदीसमध्ये दिसते, ती आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देते. नाव लोकांच्या तोंडी कसे वागेल, हे पाहणे ही दुनियादारी नाही. खुद्द प्रेषितांनी (स.) ते पाहिले आहे.

मराठी अंगणात तेच नाव

आपण महाराष्ट्रात राहतो. आपल्या मुलांची नावे अरबी, फारसी, उर्दू असली तरी ती लिहिली जातात देवनागरीत आणि उच्चारली जातात मराठी तोंडाने. वर उल्लेखिलेल्या आसिया या नावाचेच उदाहरण घ्यावे. फिरऔनच्या अत्याचारासमोर ईमानावर अढळ राहिलेल्या त्याच्या पत्नीचे नावही आसियाच होते. अरबीत या दोन नावांची अक्षरे वेगळी आहेत आणि अर्थही वेगळे आहेत. देवनागरीत मात्र दोन्ही एकसारखीच लिहिली जातात. म्हणून मुलीचे नाव आसिया ठेवताना आईवडिलांना मूळ अक्षरे ठाऊक असली पाहिजेत आणि मोठी झाल्यावर मुलीलाही ती सांगता आली पाहिजेत.

जलील या नावाचेही तसेच आहे. त्याचा अर्थ महान, वैभवशाली. परंतु अपमानित या अर्थाचा जो उर्दू शब्द आहे, तो मराठीत लिहिताना त्याच अक्षरांत लिहिला जातो. कारण मराठीत ज खाली नुक्ता देत नाहीत. अब्दुल जलील असे संपूर्ण नाव असलेल्या मुलाला मित्र नुसते जलील म्हणू लागतात आणि मग एखादा खोडकर मुलगा त्याचा दुसरा उच्चार शोधून काढतो.

याहून गंभीर बाब नाव तोडण्याची आहे. अब्दुर्रज्जाक म्हणजे अन्नदात्या अल्लाहचा दास. त्याचे आपण रज्जाक करतो. पुढे गल्लीत मराठीच्या रीतीप्रमाणे त्याला या प्रत्यय लागतो आणि रज्जाक्या होतो. सलीमचा सल्या किंवा अस्लमचा अस्ल्या झाला तर तो फार तर सलगीचा किंवा उर्मटपणाचा प्रश्न असतो. पण रज्जाक, गफ्फार, सत्तार ही अल्लाहची नावे आहेत. त्यांना हा प्रत्यय लागतो तेव्हा ज्याची विटंबना होते ते नाव त्या मुलाचे नसते. दुसऱ्या बाजूने नुसते अब्दुल असे हाक मारण्याची पद्धत रूढ आहे. अरबी व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द अर्धवट आहे. कोणाचा दास, हे सांगण्यापूर्वीच तो थांबतो. आणि आज समाजमाध्यमांवर हाच अर्धा शब्द संपूर्ण समाजाची थट्टा करण्यासाठी वापरला जातो, हेही आपण पाहतो. असे नाव ठेवायचे असेल तर ते पूर्ण उच्चारण्याची सवय प्रथम घराला लागली पाहिजे. आईच जर मुलाला अर्ध्या नावाने हाक मारीत असेल, तर शेजाऱ्याकडून पूर्ण नावाची अपेक्षा कशी करावी?

नवे, दुर्मीळ नाव हवे या हौसेत आणखी एक चूक घडते. एखादा शब्द कुरआनात आला आहे एवढ्यावरून तो नावासाठी निवडला जातो. कुरआनात इब्लीस, फिरऔन आणि कारून यांचेही उल्लेख आहेत, आणि गाय, मुंगी, कोळी यांचेही. शब्द कुरआनात असणे वेगळे आणि तो माणसाचे नाव म्हणून शोभणे वेगळे. दुर्मीळ नावाला मात्र हरकत नाही. सूरह मरयममध्ये हजरत यह्या (अ.स.) यांच्याविषयी हेच सांगितले आहे की त्यांच्यापूर्वी ते नाव कोणालाही देण्यात आले नव्हते.

तेव्हा नाव निश्चित करण्यापूर्वी घरच्यांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. ते नाव दारात उभे राहून मोठ्याने हाक मारून पाहावे. ते देवनागरीत लिहून घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचायला द्यावे. महाराष्ट्रात आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहितो. त्या संपूर्ण ओळीत ते कसे ऐकू येते ते पाहावे. अरबी जाणणाऱ्या आलिमाकडून त्याची अक्षरे आणि अर्थ तपासून घ्यावेत. आणि जे स्पेलिंग एकदा ठरेल तेच सर्व कागदपत्रांवर राहील याची काळजी घ्यावी. मुहम्मद, मोहम्मद, महंमद आणि महमद अशी एकाच माणसाची चार नावे चार दाखल्यांवर असली, तर त्याचा त्रास थट्टेपेक्षाही जास्त काळ टिकतो.

दोन प्रकारचे हसणे

इतकी काळजी घेऊनही मुलाला चिडविले जाऊ शकते. अशा वेळी प्रथम हे पाहिले पाहिजे की हसण्याचे कारण कोठे आहे. काही वेळा ते नावातच असते. अर्थ वाईट असतो, उच्चार दुसऱ्या एखाद्या ओशाळवाण्या शब्दासारखा असतो, किंवा आईवडिलांनी हौसेने असे काही निवडलेले असते की ते मुलाला स्वतःलाच सांगता येत नाही. या हसण्याची जबाबदारी बहुतांशी नाव ठेवणाऱ्यांवर येते.

काही वेळा मात्र नावात कोणताच दोष नसतो. दोष हसणाऱ्याच्या मनात, किंवा अधिक खरे म्हणजे त्याच्या घरातील मोठ्या माणसांच्या मनात असतो. उसामा या नावाचे उदाहरण पाहा. हजरत उसामा बिन जैद (रजि.) हे प्रेषितांचे (स.) अत्यंत लाडके. विशीच्या आसपासच्या या तरुणाला त्यांनी ज्या सैन्याचा सेनापती नेमले, त्यात वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले सहाबी होते. चौदाशे वर्षे हे नाव मुसलमानांच्या घरांत ठेवले जात आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र भारतातील वर्गात हे नाव असलेल्या मुलाला अतिरेकी म्हणून चिडविले जाऊ शकते. नाझिया इरम यांच्या ‘मदरिंग अ मुस्लिम’ या इंग्रजी पुस्तकात देशातील नामांकित शाळांत शिकणाऱ्या मुस्लिम मुलांचे असे अनुभव त्यांच्या मातांकडून ऐकून नोंदविलेले आहेत. हा त्रास काल्पनिक नाही आणि तो फक्त गरीब वस्त्यांपुरताही नाही.

असे हसणे प्रेषितांच्या (स.) वाट्यालाही आले होते. मुहम्मद या नावाचा अर्थ ज्याची पुष्कळ स्तुती केली जाते तो. कुरैश त्यांचा द्वेष करीत, परंतु शिवी द्यावी तर त्या नावातच स्तुती. म्हणून त्यांनी ते नाव फिरविले आणि निंदित या अर्थाने मुजम्मम म्हणू लागले. सहीह बुखारीत आले आहे की याविषयी बोलताना प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांना सांगितले, अल्लाहने कुरैशच्या शिव्या माझ्यापासून कशा दूर वळविल्या हे पाहा; ते कोणा मुजम्ममला दूषणे देतात, मी तर मुहम्मद आहे. या उत्तरात राग नाही, आणि स्वतःच्या नावाविषयी संकोचही नाही. फिरविलेले नाव त्यांनी स्वीकारलेच नाही, त्यामुळे त्या नावाची शिवी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. प्रेषित (स.) प्रौढ होते, त्यांच्यावर दिव्य प्रकटन होत होते. सहा वर्षांच्या मुलाकडून त्या धैर्याची अपेक्षा करता येईल काय? आईवडिलांच्या श्रद्धेची किंमत मुलाने वर्गात एकट्याने का मोजावी?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की उसामा हेच नाव ठेवले पाहिजे असे शरीअतने कोणावरही बंधन घातलेले नाही. चांगल्या अर्थाची हजारो नावे आहेत. आपल्या गावाची, शाळेची परिस्थिती पाहून एखाद्या आईने त्यांतील दुसरे नाव निवडले, तर तिने कोणताही गुन्हा केलेला नाही. तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपली जिद्द लोकांना दाखविण्यासाठी मुलाच्या नावाचा झेंडा करणे हाही त्या अमानतीचा गैरवापर आहे. तसेच समीर, कबीर, सारा यांसारखे सर्वांच्या ओळखीचे नाव कोणी ठेवले तर त्यातही आक्षेपार्ह काही नाही.

मात्र नाव निवडताना मनात काय होते, याला महत्त्व आहे. मुलाला त्रास होऊ नये ही ममता आहे. आपण कोण आहोत हे कोणाला कळू नये ही लाज आहे. नाव दोन्ही वेळा एकच असू शकते, पण मूल मोठे होता होता त्यामागील भावना ओळखते. लाजेतून ठेवलेले नाव त्याला बालवयातच एवढे शिकविते की आपल्यात लपविण्यासारखे काहीतरी आहे. जगाने फिरविलेले नाव त्याला परत फिरविता येईल, परंतु घरातून आलेली लाज तो कोठे परत करणार? आणि ज्यांनी आधीच असे नाव ठेवलेले आहे, त्यांनी मुलासमोर पश्चात्ताप व्यक्त करू नये. हे नाव ठेवायलाच नको होते, हे वाक्य मुलाने आईच्या तोंडून ऐकणे हे वर्गातील दहा टोमण्यांपेक्षा जड असते.

नावाबरोबर द्यायची गोष्ट

मग अशा मुलासाठी आईवडिलांनी काय करावे? प्रेषितांच्या (स.) घरातील एक प्रसंग तिरमिजीत आलेला आहे. हजरत सफिय्या (रजि.) या जन्माने यहुदी कुळातील होत्या. एकदा त्यांना यहुद्याची मुलगी म्हणून टोचले गेले आणि त्या रडत बसल्या. प्रेषितांनी (स.) त्यांना असे सांगितले नाही की त्यात रडण्यासारखे काय आहे, दुर्लक्ष कर. त्यांनी त्याच कुळाकडे बोट दाखविले. तू एका पैगंबराची कन्या आहेस, एक पैगंबर तुझे चुलते आहेत आणि एका पैगंबराची तू पत्नी आहेस, असे त्यांनी सांगितले. हजरत हारून आणि हजरत मूसा (अ.स.) यांच्या वंशाचा तो निर्देश होता. ज्या गोष्टीवरून त्यांना हिणविले गेले, तीच त्यांच्या हाती मानाची म्हणून परत आली. ज्याने टोचले त्यालाही त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्याची समज दिली. म्हणजे रडणाऱ्याला आधार आणि टोचणाऱ्याला ताकीद, ही दोन्ही कामे त्यांनी केली. यांपैकी एकच करून भागत नाही.

दुसरा प्रसंग हजरत अली (रजि.) यांचा आहे. एकदा ते मशिदीत झोपले होते आणि अंगाला माती लागली होती. प्रेषितांनी (स.) ती आपल्या हाताने झटकली आणि त्यांना अबू तुराब, मातीचा बाप, अशी हाक मारली. पुढे राजकीय वैराच्या काळात त्यांचे विरोधक हेच नाव कुचेष्टेने घेऊ लागले. मदीनेच्या एका अधिकाऱ्याने हजरत सहल बिन सअद (रजि.) यांना अबू तुराबची निंदा करण्यास सांगितले, तेव्हा सहल यांनी ती माती झटकण्याची हकीकत ऐकविली आणि अली (रजि.) यांना या नावाहून अधिक प्रिय दुसरे नाव नव्हते, हे सांगितले. गोष्ट ठाऊक असणारा एक माणूस हयात होता, म्हणून त्या नावाची थट्टा टिकू शकली नाही.

आपल्या मुलाला नावाबरोबर त्या नावाची गोष्टही दिली पाहिजे. उसामा कोण होते, बिलाल कोण होते, सुमय्या कोण होत्या, हे मुलाला शाळेत जाण्यापूर्वी इतके पाठ असावे की कोणी विचारले तर त्याने न अडखळता सांगावे. नाव आजोबांचे असेल तर आजोबांविषयी सांगावे. आणि चिडवणे थांबत नसेल तर बापाने स्वतः शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलावे. वर्गशिक्षिकेने एकदा सर्व मुलांना आपापल्या नावाचा अर्थ सांगायला लावला, तर तिसरीतल्या मुलांची निम्मी थट्टा तेथेच संपते. मुलाच्या पाठीवर नाव ठेवून त्याला एकटे पाठविणाऱ्या बापाने आपले अर्धेच कर्तव्य केले आहे.

आपल्या घरातील जीभ

आतापर्यंत आपण आपल्या मुलाला होणाऱ्या त्रासाचा विचार केला. परंतु या विषयावरील कुरआनचा सर्वांत स्पष्ट आदेश चिडविणाऱ्यासाठी आहे आणि तो ईमानधारकांना उद्देशून आहे. सूरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत पुरुषांनी पुरुषांची व स्त्रियांनी स्त्रियांची टर उडवू नये, परस्परांना टोमणे मारू नयेत आणि वाईट नावांनी हाका मारू नयेत, असे बजावले आहे. ज्यांची थट्टा केली जाते ते अधिक चांगले असू शकतात, असेही तेथे म्हटले आहे. आणि जे यातून परावृत्त होणार नाहीत त्यांना अत्याचारी ठरविले आहे. हजरत अबू जबीरा (रजि.) यांच्या कथनानुसार ही शिकवण त्यांच्या बनू सलिमा या कबिल्याच्या संदर्भात अवतरली. मदीनेत त्यांच्यातील प्रत्येकाला दोन-तीन नावे असत. प्रेषित (स.) एखाद्याला त्यातील एका नावाने हाक मारीत, तेव्हा लोक सांगत की त्याला या नावाचा राग येतो.

मदीनेतील ती गल्ली आणि आपली गल्ली यांत फारसा फरक नाही. काळ्या, लंगड्या, बुटक्या, टकल्या ही नावे आपल्या लग्नघरांत आणि मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येतात. चाळीस वर्षांपूर्वी पडलेल्या टोपणनावाने नातवंडांसमोर आजोबांना हाक मारली जाते आणि सर्व हसतात. आडनावांचे तर विचारूच नये. पिंजारी, खाटीक, तांबोळी, फकीर ही कष्टाने मिळविलेल्या भाकरीची नावे आहेत. परंतु सोयरीक जुळविताना हीच आडनावे कोणत्या स्वरात उच्चारली जातात, हे आपण जाणतो. आपल्या मुलाला शाळेत आडनावावरून बोल लावला तर आपल्याला वेदना होते आणि घरी आपणच दुसऱ्याच्या आडनावावर नाक मुरडतो. मूल दोन्ही पाहते. शाळेतील दलित किंवा आदिवासी मुलाच्या आडनावाला, भटक्या समाजातील मुलीच्या नावाला आपले मूल हसत नाही ना, हे विचारणारे आईवडील आपल्यात किती आहेत?

घरातूनच दिलेल्या अपमानाचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव नकुशी, म्हणजे नको असलेली, असे ठेवण्याची प्रथा काही भागांत होती. २०११ सालच्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावे देण्यात आली. त्यातील कित्येक मुली शाळेत जाणाऱ्या होत्या आणि रोज हजेरीच्या वेळी आपण नको आहोत हे ऐकून हजर म्हणत होत्या. मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो, त्याचे चित्र सूरह अन्-नहलमध्ये आहे. अज्ञानकाळातील अरब मुलीला मातीत पुरत; नकुशी हे नाव तिला रोज थोडे थोडे पुरत होते. दृष्ट लागू नये म्हणून मुलाला दगडू, धोंडू म्हणण्याची चालही खेड्यापाड्यांतील काही मुस्लिम घरांत होती. संरक्षण करणारा अल्लाह आहे. प्रेषित (स.) आपल्या नातवांसाठी, हजरत हसन आणि हुसैन (रजि.) यांच्यासाठी, अल्लाहचे शरण मागत असत. मुलाचे नाव खराब करून ते संरक्षण मिळत नाही.

थट्टा म्हणजे सर्व विनोद वर्ज्य, असा मात्र याचा अर्थ नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाला अबू उमैर म्हणत. त्याने पाळलेला नुगैर नावाचा छोटा पक्षी मेला आणि तो उदास झाला. प्रेषितांनी (स.) त्याच्या नावाशी यमक जुळवून, नुगैरचे काय झाले, असे त्याला विचारले. नावाशी खेळ येथेही झाला, पण त्यातून एका मुलाचे दुःख हलके झाले. ज्याच्या नावाशी खेळायचे त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले की हा खेळ आणि टवाळी यांतील फरक लहान मुलालाही कळतो.

नाव बदलावे काय?

नाव खरोखरच सदोष असेल तर ते बदलण्यात कमीपणा नाही, तो प्रेषितांचा (स.) परिपाठ आहे. हजरत सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नाव हज्न, म्हणजे खडतर, असे होते. प्रेषितांनी (स.) त्यांना सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचविले. वडिलांनी ठेवलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्यांच्यावर सक्ती झाली नाही. नातू पुढे सांगत असत की त्यानंतर तो खडतरपणा आमच्या घराण्यात राहिला. आजोबांचा मान राखण्यासाठी त्यांचेच नाव हवे, असा हट्ट धरणाऱ्या घरांनी ही हकीकत वाचावी. मोठ्यांचा मान आणि मुलाचे हित यांत निवड करण्याची वेळ आली, तर नाव मुलाला वागवायचे आहे हे लक्षात ठेवावे.

कायद्यानेही यासाठी पुरेसा अवधी दिलेला आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असली तरी त्या वेळी नाव निश्चित नसल्यास मुलाच्या नावाशिवाय नोंद होऊ शकते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नाव नंतर नोंदविता येते. पुढे नाव बदलायचे झाल्यास राजपत्रात तसे प्रसिद्ध करावे लागते. शाळेत नाव घालण्यापूर्वीच हा निर्णय झाला तर मुलाची पुढची धावपळ वाचते. मूल कळते झाले असेल, तर त्याला विचारल्याशिवाय त्याचे नाव बदलू नये. जन्माच्या वेळी विचारता आले नव्हते. आता विचारता येते.

सुनन अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे की कियामतच्या दिवशी लोकांना त्यांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या नावाने पुकारले जाईल, म्हणून नावे चांगली ठेवावीत. तिच्या सनदीविषयी विद्वानांनी चर्चा केलेली असली तरी तिचा आशय सर्वांनी स्वीकारलेला आहे. त्या दिवशी बापाचे आणि मुलाचे नाव एकाच हाकेत येईल. बापाने ते नाव कोणत्या भावनेने दिले, ते घेऊन मूल रडत घरी आले तेव्हा तो काय बोलला, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या नावावर त्याच्या घरात कोण कोण हसले, या सर्वांची नोंद त्या हाकेच्या आधीच झालेली असेल. अल्लाह आपल्या मुलांना सुंदर नावे, त्या नावांना साजेसे चारित्र्य आणि आपल्या सर्वांच्या जिभांना संयम प्रदान करो. आमीन.